पहिली पुल रिक्वेस्ट आली, आता पुढे? छोट्या ओपन सोर्स प्रकल्पाच्या नव्या मेंटेनरसाठी

ओपन सोर्समध्ये योगदान कसं द्यावं, यावर ढिगानं लिहिलेलं सापडतं. आलेलं योगदान घ्यावं कसं, यावर मात्र फारसं कोणी बोलत नाही. कोड पाठवणारे पुष्कळ असतात. तो वाचून हो किंवा नाही म्हणणारी व्यक्ती, म्हणजे मेंटेनर, बहुतेक प्रकल्पांत एकटीच असते, आणि तीही ऑफिस सुटल्यावर. हा लेख तिच्यासाठी आहे.

उदाहरण आपल्या भागातलंच घेऊ. समजा, ऐरोलीत राहणाऱ्या दोन मैत्रिणींनी ट्रान्सहार्बर लोकलचं वेळापत्रक दाखवणारं छोटं अ‍ॅप केलं. ठाण्याहून वाशी, नेरूळ, पनवेलकडे जाणारी पुढची गाडी कधी आहे, एवढंच ते सांगतं. कोड गिटहबवर टाकला, म्हणजे कोड ठेवायच्या आणि मिळून त्यावर काम करायच्या साइटवर. महिनाभर सामसूम, आणि मग एके रात्री कोपरखैरण्याच्या एका इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याची पुल रिक्वेस्ट येते, म्हणजे 'मी केलेला हा बदल तुमच्या कोडमध्ये घ्या' अशी विनंती. इथून पुढे काय करायचं? (गिटलॅब या तशाच साइटवर तिला मर्ज रिक्वेस्ट म्हणतात, काम तेच.)

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवून घ्या. मर्जचं, म्हणजे आलेला बदल आपल्या कोडमध्ये मिसळायचं, बटण दाबलं की तो कोड सांभाळणं तुमच्याकडे आलं. पाठवणारा उद्या परीक्षा संपवून नोकरीसाठी बंगळुरूला जाईल. मेगाब्लॉकच्या रविवारी अ‍ॅपनं नसलेली गाडी दाखवली, की लोक तुम्हालाच विचारणार. कोणी कितीही प्रेमानं सोफा आणून दिला, तरी वन आरकेत तो बसतो का हे घरात राहणाऱ्यांनाच बघावं लागतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच एका विचारातून निघतात.

पायरी १: लायसन्स आणि हक्क

रेपोत, म्हणजे प्रकल्पाचा कोड जिथे ठेवलाय तिथे, लायसन्सची फाइल नसेल तर आजच टाका. लायसन्स नसलेला कोड जगाला दिसत असला, तरी तो वापरायची परवानगी कोणालाच नसते. छोट्या प्रकल्पासाठी एमआयटी किंवा अपाची २.० हे लायसन्स सोपं पडतं. सुधारणा करून वाटणाऱ्यानं आपला कोडही खुला ठेवावा असं वाटत असेल तर जीपीएल. मुंबईत तयार झालेल्या ईआरपीनेक्स्ट या व्यवसायासाठीच्या सॉफ्टवेअरचा कोड जीपीएल ३ खाली आहे, आणि तो ज्या फ्रापे फ्रेमवर्कवर उभा आहे ते एमआयटी खाली. एकाच घरातून दोन निर्णय, दोन्ही विचारपूर्वक. तुमचा निर्णय पहिली पुल रिक्वेस्ट मर्ज होण्याआधी व्हायला हवा. लिहिलेल्या ओळींचा कॉपीराइट त्या त्या माणसाकडेच राहतो, त्यामुळे पुढे लायसन्स बदलायचं झालं तर प्रत्येकाला गाठून संमती घ्यावी लागते.

आपल्या भागात या पायरीला आणखी एक बाजू आहे. ऐरोली, महापे, घणसोली, वागळे इस्टेट इथे नोकरी करणाऱ्या बहुतेकांनी कंपनीच्या करारावर सही केलेली असते. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, वेगळा करार नसेल तर नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाच्या कॉपीराइटचा पहिला मालक नोकरी देणारा असतो. काही कंपन्यांचे करार याच्याही पुढे जातात आणि फावल्या वेळेतल्या कोडवरही हक्क सांगतात. म्हणून योगदान देणाऱ्याला सरळ विचारा, 'हे कंपनीच्या लॅपटॉपवर, कंपनीच्या वेळेत केलेलं नाही ना?' प्रश्न आगाऊ वाटेल, पण नंतरच्या वकिली पत्रापेक्षा तो बरा.

लिनक्स कर्नल (लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) प्रकल्पानं यासाठी २००४ साली साधी पद्धत आणली. प्रत्येक कमिटच्या, म्हणजे नोंदवलेल्या बदलाच्या, संदेशाच्या शेवटी 'साइन्ड-ऑफ-बाय' अशी ओळ असते. तिचा अर्थ, हा कोड देण्याचा मला हक्क आहे असं मी सांगतो. गिट या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात कमिट करताना एक छोटा पर्याय दिला की ती ओळ आपोआप लागते. लांबलचक करारावर सह्या घेण्यापेक्षा छोट्या प्रकल्पाला एवढं पुरतं, असं माझं मत.

हक्कांचा प्रश्न फक्त कोडचा नाही. कोणी अ‍ॅप देखणं करायला कुठून तरी विकतचा मराठी फॉन्ट उचलून आणतं. तो तसाच आत घेतला तर प्रकल्प अडचणीत येतो. अशा वेळी नुसतं नाही म्हणण्यापेक्षा पर्याय सुचवा. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा मुक्ता हा फॉन्ट ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहे; तो अ‍ॅपसोबत देता येतो.

पायरी २: नियम लिहा, पण एक पानभर

कॉन्ट्रिब्यूटिंग नावाची फाइल हवी. तिच्यात चार गोष्टी पुरतात. अ‍ॅप आपल्या मशीनवर कसं चालवायचं, टेस्ट (कोड बरोबर चालतो का ते तपासणारा कोड) कशा चालवायच्या, मोठा बदल करायचा तर आधी इश्यू (रेपोतली तक्रारीची किंवा चर्चेची नोंद) उघडून विचारायचं, आणि हा प्रकल्प काय करणार नाही. ही शेवटची गोष्ट बहुतेक जण विसरतात, आणि तीच सगळ्यात जास्त वेळ वाचवते. 'हे अ‍ॅप फक्त वेळापत्रक दाखवतं. तिकीट काढणं, गाडीचं थेट ठिकाण, चॅट यांपैकी काहीही इथे येणार नाही.' एवढं लिहिलं की नंतर नाही म्हणताना कोणाचा अपमान होत नाही. नियमाकडे बोट दाखवता येतं.

भाषेचंही ठरवून टाका. अ‍ॅप ठाणे-नवी मुंबईच्या प्रवाशांसाठी असेल, तर इश्यू मराठीत लिहायला खुशाल मोकळीक द्या. तुर्भ्याच्या मार्केटमध्ये काम करणारा माणूस 'पनवेलची गाडी दिसत नाही' एवढं मराठीत लिहून गेला, तरी ती कामाची तक्रार आहे. कमिटचे संदेश कोणत्याही एका भाषेत ठेवा. नाहीतर दोन वर्षांनी इतिहास चाळताना वैताग येतो.

पायरी ३: यंत्राचं काम यंत्राला द्या

मेन ब्रँचला, म्हणजे कोडच्या मुख्य प्रतीला, प्रोटेक्शन लावा. पुल रिक्वेस्टशिवाय आणि टेस्ट पास झाल्याशिवाय त्यात कोणी काही ढकलू नये, तुम्ही स्वतःसुद्धा. गिटहबवर पब्लिक रेपोला हे फुकट मिळतं, आणि टेस्ट आपोआप चालवणारं अ‍ॅक्शन्सही. स्पेस की टॅब, कंस कुठे, ओळ किती लांब, या गोष्टी फॉरमॅटरवर, म्हणजे कोडची मांडणी आपोआप करणाऱ्या साधनावर, सोडा. माणूस रिव्ह्यूमध्ये स्वल्पविरामावर वाद घालायला लागला, की समोरच्याचा उत्साह तिथेच मावळतो.

इथे एक खड्डा आहे. बाहेरच्या माणसाची पुल रिक्वेस्ट आली की त्याचा कोड तुमच्या सीआयवर, म्हणजे टेस्ट आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेवर, चालतो. असा फुकटचा कम्प्यूटर मिळतो म्हणून लोकांनी पुल रिक्वेस्टमधून क्रिप्टो मायनिंग करून घेतलं. तेव्हा २०२१ मध्ये गिटहबनं नियम आणला, की पहिल्यांदा योगदान देणाऱ्याच्या रिक्वेस्टवर मेंटेनरनं परवानगी दिल्याशिवाय वर्कफ्लो (सीआयनं करायच्या कामांची यादी) चालणार नाही. ते परवानगीचं बटण डोळे मिटून दाबू नका. आधी वर्कफ्लोच्या फाइलला हात लागलाय का ते बघा. आणि अ‍ॅक्शन्समध्ये 'पुल रिक्वेस्ट टार्गेट' नावाचा ट्रिगर दिसला, तर तो पूर्ण समजल्याशिवाय वापरू नका. तो तुमच्या रेपोच्या गुप्त किल्ल्यांसकट चालतो. त्यात बाहेरचा कोड चालवला की किल्ल्या गेल्याच म्हणून समजा.

पायरी ४: पहिलं उत्तर लवकर, निर्णय सावकाश

पुल रिक्वेस्ट आली की दोन-तीन दिवसांत उत्तर द्या. पूर्ण रिव्ह्यू करायला नको. 'बघितलं, धन्यवाद. नीट वाचायला शनिवार-रविवार लागेल.' एवढं पुरे. पाठवणारा मुलगा रोज रात्री पान रिफ्रेश करत बसलेला असतो. तीन आठवडे काहीच उत्तर आलं नाही, तर पुढे तुम्ही कितीही चांगला रिव्ह्यू दिलात तरी तो परत येत नाही.

हे उत्तर ठाणे-वाशी लोकलमध्ये उभ्या उभ्या फोनवरून देता येतं. मर्ज मात्र फोनवरून करू नका. गिटहबचं अ‍ॅप ते करू देतं, ही वेगळी गोष्ट. फोनच्या पडद्यावर सातशे ओळींचा बदल 'वाचला' असं कोणी म्हणालं, तर माझा विश्वास बसत नाही.

पायरी ५: रिव्ह्यू

खरं काम हे. आधी वर्णन वाचा आणि स्वतःला विचारा, हा बदल हवाच कशाला? कारण कळलं नाही, तर कोडकडे वळायच्या आधी कारण विचारा. मग टेस्ट वाचा; लेखकाला काय घडायला हवंय ते तिथे कळतं. कोड सगळ्यात शेवटी. आणि बदल आपल्या मशीनवर ओढून प्रत्यक्ष चालवून बघा. सीआयचा हिरवा टिक म्हणजे आधी लिहिलेल्या टेस्ट मोडल्या नाहीत, याहून जास्त काही नाही.

आता आपल्या विद्यार्थ्याची पुल रिक्वेस्ट उघडू. त्याला डेटामध्ये '२४:१२:००' अशी वेळ दिसली. घड्याळात चोवीस वाजून बारा मिनिटं कधीच होत नाहीत, म्हणून त्यानं अशा सगळ्या वेळा '००:१२:००' केल्या. वर चोवीस किंवा त्याहून मोठा तास नाकारणारी तपासणीही घातली. कोड स्वच्छ, टेस्ट पास, वर्णन नीट. पाहताक्षणी मर्ज करावंसं वाटेल असं काम.

पण ते चुकीचं आहे. अ‍ॅपचा डेटा जीटीएफएस या सार्वजनिक वाहतुकीची वेळापत्रकं लिहायच्या नमुन्यात आहे. गुगल आणि अमेरिकेतल्या पोर्टलंडची वाहतूक संस्था ट्रायमेट यांच्या कामातून तो पुढे आला आणि जगभर वापरला जातो. त्यात मध्यरात्रीनंतरची गाडी आदल्या दिवसाच्या सेवेत मोजतात, आणि म्हणून तिची वेळ मुद्दाम चोवीसच्या पुढे लिहितात. शनिवारी रात्री उशिराची गाडी बारा वाजून बारा मिनिटांनी सुटली, तरी ती शनिवारच्याच वेळापत्रकातली. तिला ००:१२ केलं, की अ‍ॅप ती शनिवारी पहाटे दाखवणार आणि रात्री ठाण्याच्या फलाटावर उभ्या माणसाला सांगणार, आता गाडी नाही.

अशा वेळी रिव्ह्यूत काय लिहाल? 'हे चूक आहे, जीटीएफएस वाचून ये' असं लिहिलं तर बरोबर असूनही तुम्ही एक माणूस गमावला. त्याऐवजी असं काहीसं लिहा: 'ही वेळ विचित्र दिसते, खरंय. चोवीसच्या पुढचा तास जीटीएफएसमध्ये मुद्दाम ठेवतात, कारण ती गाडी आदल्या दिवसाच्या सेवेत येते. शनिवारी रात्री अकरा पन्नासला अ‍ॅप उघडलं तर तुझ्या बदलानंतर पुढची गाडी कोणती दिसते, बघशील? पण पडद्यावर प्रवाशाला २४:१२ दिसत असेल तर तो बग आहेच. दाखवताना फक्त रूप बदलायचं, असं करूया का?'

यात तीन गोष्टी झाल्या. कारण सांगितलं, तपासून बघायची वाट दिली, आणि त्याच्या निरीक्षणातला खरा भाग उचलून पुढचं काम दिलं. शिवाय तुमच्या हातून एक काम निघालं. त्या ओळीच्या वर कोडमध्ये हे कारण लिहिलेलं नव्हतं. ते आता लिहा आणि मध्यरात्रीची एक टेस्ट घाला, म्हणजे पुढचा कोणी पुन्हा तीच 'दुरुस्ती' घेऊन आला तर टेस्टच त्याला थांबवेल.

आपल्याकडची एक सवय इथे आडवी येते. विद्यार्थी मेंटेनरला 'सर' किंवा 'मॅडम' म्हणतात आणि प्रत्येक सूचनेवर 'ओके सर, डन' लिहून मोकळे होतात. पटलंय का, कळलंय का, काही पत्ता लागत नाही. पहिल्याच उत्तरात सांगून टाका, 'नावानं हाक मार, आणि पटलं नाही तर वाद घाल.' खरोखर वाद घातला, तर रागवायचं नाही हे ओघानं आलंच.

रिव्ह्यूतल्या सूचनांवर वजनही लिहा. 'हे बदलल्याशिवाय मर्ज होणार नाही' आणि 'मी असं केलं असतं, पण चालेल' यांतला फरक नवख्याला आपोआप कळत नाही. दोन्ही सारख्याच सुरात लिहिलंत, तर तो बारा सूचनांचा डोंगर बघून पळतो.

पायरी ६: जिथे जास्त सावध राहायचं

प्रचंड मोठी पुल रिक्वेस्ट आली तर ती वाचायला घेऊच नका. तुकडे करून मागा. 'बग दुरुस्ती एका रिक्वेस्टमध्ये, नावांची फेरफार दुसरीत.' हे मागणं मेंटेनरचा हक्क आहे.

नवीन डिपेन्डन्सी, म्हणजे आपला कोड ज्यावर अवलंबून राहील असं बाहेरचं पॅकेज, आली तर थांबून विचार करा. २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड हे अकरा ओळींचं पॅकेज लेखकानं एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजच्या साठ्यावरून काढून घेतलं आणि त्यावर अवलंबून असलेले जगभरातले बिल्ड कोसळले. अकरा ओळी स्वतः लिहिता येत होत्या.

बायनरी फाइल आणि ज्याचा स्रोत दिसत नाही असा 'टेस्ट डेटा' यांच्याकडे तर डोळ्यांत तेल घालून बघा. २०२४ च्या मार्चमध्ये एक्सझेड युटिल्स या फाइली दाबून लहान करणाऱ्या साधनाचं प्रकरण उघडकीला आलं, ते याच वाटेनं घडलं होतं. जिया टॅन या नावानं वावरणाऱ्यानं दोनेक वर्षं नीट, उपयोगी योगदान दिलं. त्याच काळात इतर काही खाती थकलेल्या मेंटेनरवर दबाव आणत राहिली, की काम हळू चाललंय, दुसऱ्या कोणाला हक्क द्या. हक्क मिळाले, आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये मागचं दार (बाहेरच्याला गुपचूप आत येऊ देणारा कोड) आलं. त्याचे भाग टेस्टच्या फाइलींत दडवलेले होते, आणि ते कामाला लावणारा तुकडा फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये (डाउनलोडसाठी बांधलेल्या गठ्ठ्यात) होता, गिटमध्ये नव्हता. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएचनं दूरच्या मशीनवर लॉगिन करायला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं, त्यानं खोदून काढलं, म्हणून ते पकडलं गेलं. छोट्या प्रकल्पानं यातून उचलायचं ते असं: रिलीज कोणाच्या लॅपटॉपवरून नको, गिटमधल्या टॅगवरून (आवृत्तीच्या खुणेवरून) सीआयमध्ये तयार व्हावं. आणि 'लवकर करा, नाहीतर हक्क द्या' असा सूर कानावर आला, की आणखी सावकाश चालायचं.

सुरक्षेतली चूक कळवण्यासाठी खासगी वाट ठेवा. गिटहबच्या सेटिंग्जमध्ये तसा पर्याय आहे, तो चालू करा.

पायरी ७: नाही म्हणणं

ऑक्टोबर आला की छोट्या रेपोंवरही धाड पडते. हॅक्टोबरफेस्ट हा ऑक्टोबरात ओपन सोर्सला योगदान देण्याचा उपक्रम २०१४ पासून चालू आहे. २०२० मध्ये त्यात बक्षीस मिळणाऱ्या टीशर्टसाठी लोकांनी रीडमीमध्ये (प्रकल्पाची ओळख देणाऱ्या फाइलमध्ये) एखादा शब्द घुसवून इतक्या निरर्थक रिक्वेस्ट पाठवल्या, की आयोजकांना नियम बदलावा लागला; आता प्रकल्पानं स्वतः भाग घेतला तरच तिथलं योगदान मोजलं जातं. आपल्याकडे टीशर्टपेक्षा रेझ्युमे मोठा. इंजिनिअरिंग कॉलेजांत प्लेसमेंटचा मोसम जवळ आला, की 'सर प्लीज मर्ज' असे निरोप सुरू होतात. मुलांवर चिडण्यात अर्थ नाही. निरर्थक असेल ती दोन ओळींत नम्रपणे बंद करा आणि सोबत करण्यासारख्या एखाद्या खऱ्या इश्यूचा दुवा द्या. त्यासाठी 'गुड फर्स्ट इश्यू' लेबल लावलेले दोन-तीन इश्यू कायम तयार ठेवा. त्यातले काही कोडचे नसले तरी चालतं. मराठीतली स्टेशनांची नावं तपासणं हे खरं आणि कटकटीचं काम आहे.

एआयनं लिहिलेल्या रिक्वेस्टचं काय करायचं, हे आता प्रत्येकाला ठरवावं लागतंय. २०२४ मध्ये जेंटू आणि नेटबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रकल्पांनी यावर नियम केले: जेंटूनं असा कोड घ्यायचाच नाही असं ठरवलं, नेटबीएसडीनं आधी लेखी परवानगी असल्याशिवाय नाही असं. कर्ल या इंटरनेटवरून डेटा आणण्या-पाठवण्याच्या साधनाचे मेंटेनर डॅनियल स्टेनबर्ग एआयनं रचलेल्या खोट्या सुरक्षा-अहवालांबद्दल जाहीरपणे बोलत आलेत. छोट्या प्रकल्पात सरसकट बंदी पाळून घेणं अवघड, असं मला वाटतं. मी एकच अट घालेन: पाठवणाऱ्याला प्रत्येक ओळीचं कारण स्वतःच्या शब्दांत सांगता आलं पाहिजे. चोवीस वाजून बारा मिनिटांचा प्रश्न विचारून बघा, उत्तरावरून कळतं.

कधी चांगल्या कामालाही नाही म्हणावं लागतं. २०२४ च्या जानेवारीत ठाणे आणि ऐरोलीच्या मधे दिघा गाव स्टेशन सुरू झालं. अशा वेळी एकाच आठवड्यात तिघांकडून तोच बदल येणार, हे ठरलेलंच. आधी आलेली आणि नीट असलेली घ्या. दुसऱ्यानं मराठी नाव बरोबर लिहिलं असेल, तर तेवढा तुकडा घेऊन कमिटमध्ये 'को-ऑथर्ड-बाय' ओळीत त्याचं नाव घाला. गिटहब दोघांनाही श्रेय दाखवतं. तिसऱ्याला आभार आणि खरं कारण. उत्तरच न देता रिक्वेस्ट वर्षभर लोंबकळत ठेवणं, हे नाही म्हणण्यापेक्षा वाईट.

पायरी ८: मर्ज

तीन पर्याय दिसतील: मर्ज कमिट, स्क्वॉश, रिबेस. सुरुवातीला स्क्वॉश निवडा. 'फिक्स', 'पुन्हा फिक्स', 'आता तरी चाल' असे विद्यार्थ्याचे नऊ कमिट एकात गोळा होतात, आणि काही बिघडलं तर एकच कमिट रिव्हर्ट करावा, म्हणजे मागे घ्यावा, लागतो. बिघडलंच, तर आधी रिव्हर्ट करून लोकांचं अ‍ॅप चालू करा, कारणं मग शोधा. आणि ज्याचा कोड होता त्याला तुमच्याकडूनच कळू द्या. रिलीज नोट्समध्ये योगदान देणाऱ्यांची नावं घाला.

पायरी ९: हक्क वाटणं, आणि थांबणं

एकट्यानं सगळं ओढू नका. दुसऱ्याला रिव्ह्यूचा हक्क कधी द्यावा? कमिटची संख्या मोजू नका. तो दुसऱ्यांच्या रिक्वेस्टवर काय लिहितो ते बघा. आपल्या कोडला नाही ऐकून घेतो का, ते बघा. आधी इश्यूंना लेबल लावायचा हक्क, मग मर्जचा, रिलीजच्या किल्ल्या सगळ्यात शेवटी. जमल्यास एकदा प्रत्यक्ष भेटा. ठाणे, वाशी, बेलापूर, कुठलंही स्टेशन दोघांना सोयीचं पडतं.

आणि नोकरी, घर, आजारपण यांत वेळ उरला नाही, तर लपवू नका. रीडमीच्या वरच लिहा, की पुढचे काही महिने फक्त गंभीर बग बघितले जातील. पूर्णच थांबायचं असेल तर उघड्या रिक्वेस्टना एकेक ओळीचं उत्तर द्या, कोणाचा फोर्क (तुमच्या कोडची प्रत घेऊन स्वतंत्रपणे चालवलेला प्रकल्प) जोमात चालू असेल तर रीडमीत त्याचा दुवा घाला, आणि मग सेटिंग्जमध्ये जाऊन रेपो अर्काइव्ह करा. हा क्रम उलटा करू नका. अर्काइव्ह झाल्यावर रेपो फक्त वाचता येतो, उत्तरं लिहिता येत नाहीत.